फ्लोट ट्यूबसाठी वेडर घेताय? मग सुरुवात पायापासून करा

तळ्याच्या मधोमध एक माणूस आरामखुर्चीत टेकल्यासारखा बसलाय. हातात मासे धरायचा रॉड आहे आणि तो पाठीच्या दिशेने हळूहळू सरकतोय. वल्हं नाही, मोटर नाही, होडीही दिसत नाही. असा व्हिडिओ पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. हा पुढे जातोय कशाच्या जोरावर? आणि याचे पाय भिजत नाहीत का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाण्याखाली आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. फ्लोट ट्यूबमध्ये बसून मासे धरायचा हा छंद नव्याने धरणारे नेमके तिथेच फसतात. पाय कोरडे ठेवणारे वेडर आणि बूट एका दुकानातून घेतात, पाण्यात ढकलणारे फिन दुसऱ्या दुकानातून, आणि काठावर पोचल्यावर कळतं की एक दुसऱ्यात जातच नाही. मीही हेच केलं होतं. महागाचे भक्कम बूट घेतले, मग फिन घेतले. पहिल्याच सकाळी बुटाचा पुढचा भाग फिनच्या तोंडाशी अडकून बसला. अर्धा तास झटापट केली आणि मासे न पकडताच घरी आलो.

म्हणून हा लेख खालून वर जातो: आधी फिन, मग बूट, मग वेडर, आणि शेवटी आतले कपडे. खरेदीही याच क्रमाने करावी असं माझं ठाम मत आहे.

## आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू

फ्लोट ट्यूब म्हणजे एका माणसाला बसवून तरंगवणारं, हवा भरलेलं साधन. सुरुवातीच्या ट्यूब म्हणजे ट्रकच्या टायरमधली रबरी ट्यूब, तिच्यावर कापडी खोळ आणि मधल्या भोकात बसायला पट्टा, एवढाच मामला होता. आता त्या बहुतेक इंग्रजी यू किंवा व्ही अक्षराच्या आकाराच्या मिळतात. पुढची बाजू उघडी असल्याने आत शिरणं आणि बाहेर पडणं सोपं जातं. माणूस बैठकीवर बसतो, पाय पाण्यात सोडतो आणि पायातल्या फिननी पाणी ढकलत फिरतो. फिन म्हणजे बदकाच्या पंजासारखं रबरी किंवा प्लास्टिकचं पातं, पाणबुडे वापरतात तसं.

वेडर म्हणजे पावलासकट पाय झाकणारी, पाणी आत न शिरू देणारी विजार. खांद्यावरच्या पट्ट्यांनी ती वर धरलेली असते.

नावातच घोळ आहे. वेडर हा शब्द पाण्यातून चालण्यावरून आलाय. नदीच्या पात्रात उभं राहून मासे धरणाऱ्यासाठी ती वस्तू घडली. साहजिकच दुकानदाराचा सल्लाही त्याच्यासाठीच असतो: तळव्याला पकड हवी, घोट्याला आधार हवा, बूट दणकट हवा. फ्लोट ट्यूबवाला मात्र पाण्यात चालतच नाही. पाण्यात शिरतानाची आणि बाहेर येतानाची चार पावलं सोडली तर तो तासन् तास बसून पाय हलवत असतो. चालायच्या बुटात पोहायला लावावं तशी त्याची गत होते.

## फिन: हेच तुमचं इंजिन

उंच कठड्यावर बसून पाय हलवून बघा. हालचाल गुडघ्यापासून खाली होते, मांडी जवळजवळ स्थिर असते. फ्लोट ट्यूबमध्ये पाय असेच चालतात. पाणी पुढे फेकलं जातं आणि तुम्ही मागे सरकता. त्या व्हिडिओतला माणूस उलटा का जात होता, ते यातून कळेल. वळायचं असेल तेव्हा एकच पाय मारायचा.

पाणबुड्याची लाथ वेगळी असते. तो पालथा पोहतो, पाय सरळ ठेवतो आणि जोर कमरेतून काढतो. त्याचे लांब, ताठ फिन त्या जोराला साजेसे असतात. बसलेल्या माणसाने तेच वापरले तर पाण्याचा सगळा विरोध गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. पहिला तास मजेत जातो, दुसऱ्या तासाला पोटरीत गोळे येतात. म्हणून फ्लोट ट्यूबसाठी आखूड, रुंद आणि जरा लवचीक पातं बरं. वेग थोडा कमी मिळतो, पण इथे शर्यत नसते. संध्याकाळच्या वाऱ्याला तोंड देत काठ गाठण्याइतका जोर उरला म्हणजे झालं.

फिन निवडताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, ते पाण्यावर तरंगतात का. दुसरी, त्यांना घोट्याशी बांधायची दोरी आहे का. नसेल तर स्वतः लावून घ्या. एक फिन निसटला की तुमची अवस्था एकाच वल्ह्याने होडी हाकणाऱ्यासारखी होते. जोर कितीही लावा, गोल गोलच फिरणार.

फिन पायाला धरून ठेवण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. एकात पुढे पाऊल सरकवायला खोबण असते आणि टाचेमागे पट्टा. दुसऱ्यात रुंद तळ असतो, त्यावर बुटासकट पाय ठेवायचा आणि वरून बकल आवळायचं. पहिली पद्धत घट्ट बसते, पाय मारलेला वाया जात नाही, पण जाड बूट तिच्यात मावत नाही. दुसरीत जवळपास कुठलाही बूट चालतो, मात्र बूट आतल्या आत थोडा डगडगतो. कुठली घ्यायची ते बुटावर ठरतं. म्हणूनच ही दोन्ही खरेदी एकत्र, एकाच वेळी करायची.

## बूट: हलका, लवचीक आणि एक माप मोठा

फ्लोट ट्यूबसाठी मला सगळ्यात सोयीचे वाटतात ते पाणबुड्यांचे निओप्रीनचे बूट. निओप्रीन म्हणजे आत वायूचे असंख्य बंद बुडबुडे असलेलं, स्पंजासारखं रबर. बूट घोट्यापर्यंत येतो, तळवा बऱ्यापैकी टणक असतो, पण घोटा मोकळेपणी वाकतो आणि फिनच्या खोबणीत तो सरळ जातो. तो त्याच कामासाठी बनलेला असतो.

नदीत चालायचे जड बूट इथे अडचणीचे ठरतात. तळवा जाड, चवडा रुंद, घोटा ताठ. पाय मारताना पावलाचं टोक खाली झुकावं लागतं, तरच फिनचं पातं पाणी नीट कापतं. ताठ बूट नेमकं तेच करू देत नाही. शिवाय लेस अडकवायचे धातूचे आकडे असतात, त्यांच्यात गळाची दोरी अडकते आणि हात पावलापर्यंत पोचत नाही. ट्यूबमध्ये बसून स्वतःच्या पावलाशी हात नेऊन बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

यावर कुणी म्हणेल, माझं तळं गाडीच्या वाटेपासून दूर आहे, खडकांतून चालत जावं लागतं, तिथे मऊ बूट कसा टिकेल? मुद्दा रास्त आहे. अशा ठिकाणी हलके, पातळ तळव्याचे वेडिंग बूट (पाण्यातून चालायचे बूट) आणि बकलवाले रुंद फिन ही जोडी चांगली. दुसरा मार्ग म्हणजे वाटेवर साधे बूट घालायचे आणि काठावर बदलायचे. मी दुसरा पत्करतो. पाठीवर थोडं ओझं वाढतं, पण पाण्यात पाय सुखात राहतात.

मापाचं गणित नीट समजून घ्या. बुटात नुसतं पाऊल जात नाही. आधी गरम मोजा, त्यावर वेडरचा निओप्रीनचा मोजा, आणि मग बूट. त्यामुळे रोजच्यापेक्षा एक माप, कधी दोन मापं मोठा बूट लागतो. कसोटी एकच: सगळं चढवल्यावर पायाची बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही, आणि रक्त फिरलं नाही की पाऊल गार पडतं. मग गार पडलं म्हणून लोक आणखी एक मोजा घालतात, बूट अजून घट्ट होतो आणि पाऊल अजून गार पडतं. उपाय उलटा आहे: एक मोजा काढा.

नुसत्या वेडरच्या मोज्यावर फिन चढवणारेही आहेत. बूट वाचतो, वजन वाचतं. पण तो मोजा मऊ असतो. काठावरचा एखादा धारदार दगड, एखादं शंखाचं कवच, टाचेवर घासणारा फिनचा पट्टा, यातलं काहीही त्याला पुरेसं असतं. बुटाचे पैसे वाचवून वेडरला भोक पाडून घेण्यात शहाणपण नाही.

## काठावरची चार पावलं

सगळ्यात जास्त पडापड होते ती खोल पाण्यात नव्हे, काठावर. फिन घालून पुढे चालायला गेलात की पात्याचं टोक जमिनीत रुततं आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून पाण्याच्या अगदी कडेला बसून फिन चढवायचे, ट्यूबमध्ये शिरून ती कमरेशी धरायची आणि उलटं चालत पाण्यात जायचं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की बसायचं. परतताना तसंच उलटं पाय मारत यायचं, टाचा तळाला टेकल्या की उभं राहायचं.

## तळव्याला फेल्ट नको, खिळे तर मुळीच नकोत

नदीतले बूट शेवाळलेल्या दगडावर घसरू नयेत म्हणून त्यांना फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या जाड नमद्याचा तळवा लावतात, किंवा धातूचे खिळे ठोकतात. फ्लोट ट्यूबमध्ये या पकडीचा उपयोग जवळपास शून्य.

फेल्टचा दोष असा की तो लवकर वाळत नाही. त्याच्या धाग्यांत सूक्ष्म जीव जिवंत राहतात आणि पुढच्या पाण्यात पोचतात. डिडिमो नावाचं एक सूक्ष्म शेवाळ नदीच्या तळावर दाट गालिचा पसरतं. ते पसरू नये म्हणून न्यूझीलंडने २००८ मध्ये गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी फेल्टच्या तळव्यांवर बंदी घातली. अमेरिकेतल्या अलास्का राज्यानेही २०१२ मध्ये अशी बंदी घातली होती. दुसऱ्या देशात मासे धरायला जाणार असाल तर तिथला नियम आधी विचारून घ्या.

खिळ्यांबद्दल तर बोलायलाच नको. हवेच्या पिशवीवर बसायचं आणि पायाला खिळे बांधायचे!

## वेडरच्या खालच्या टोकाला बूट की मोजा?

आता वर सरकू. वेडर दोन प्रकारचे मिळतात. एकात रबरी बूट विजारीलाच कायमचा जोडलेला असतो. दुसऱ्यात खाली निओप्रीनचा मोजा असतो आणि त्यावर आपला बूट घालायचा.

जोडबूट सोयीचा वाटतो, कारण एकदा पाय घातला की झालं. पण तो बूट फिनच्या खोबणीत मावेल याची शक्यता कमी, पावलावर तो सैल असतो आणि पाय मारताना टाच आत वरखाली होते. बूट फाटला की अख्खा वेडर गेला. फ्लोट ट्यूबसाठी मोज्याचाच घ्या. यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही. घरात जोडबुटाचा पडलेलाच असेल, तर बकलवाल्या रुंद फिनवर एकदा तो चढतो का ते बघायला हरकत नाही.

वेडरच्या पायाला खाली एक झालर असते, बुटाच्या तोंडावर ओढून घ्यायची. ती शोभेची नाही. ती वाळू आत शिरू देत नाही. बूट आणि मोजा यांच्यात अडकलेली वाळू सँडपेपरचं काम करते.

## कमरेपर्यंत की छातीपर्यंत?

मांडीपर्यंत येणारा वेडर इथे बादच, कारण बसल्याबरोबर पाणी वरून आत येईल. प्रश्न उरतो कमरेपर्यंतच्या आणि छातीपर्यंतच्या वेडरचा.

जुन्या गोल ट्यूबमध्ये माणूस पट्ट्यावर बसतो आणि पाणी कमरेच्या आसपास येतं. नव्या ट्यूबमधली फुगवलेली किंवा फोमची बैठक उंच असते, काहींत तर बूड जेमतेम ओलं होतं. मग कमरेपर्यंतचा का नको? कारण तळ्यावर तुम्ही एकटे नसता. शेजारून जाणाऱ्या होडीची लाट येते, वाऱ्याने पाणी उसळतं, मासा ओढताना माणूस पुढे वाकतो आणि बैठक तिरकी होते. काठावरून उठतानाही क्षणभर पाणी वर येतं. छातीपर्यंतचा वेडर यातलं सगळं पोटात घालतो. उकडलं तर पट्टे सोडून तो कमरेशी गुंडाळता येतो. कमरेपर्यंतचा मात्र ताणून छातीपर्यंत नेता येत नाही.

## पाणी इतकं गार का लागतं?

कापड निवडण्याआधी थोडं शास्त्र. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शरीराचं आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उघड्या अंगाने पाण्यात नुसतं स्वस्थ राहिलं, तर शरीराने उष्णता गमावू नये यासाठी पाणी साधारण ३३ ते ३५ अंश असावं लागतं. मासे मिळतात अशी बहुतेक तळी याहून कितीतरी गार असतात. म्हणजे ज्या पाण्यात पोहायला मजा येते, त्यातही तीन तास पाय सोडून बसलात तर थंडी हळूहळू वर चढणारच. पोहणारा सतत हालतो, तुम्ही बराच वेळ फक्त रॉडच्या टोकाकडे बघत बसता.

दुसरी गोष्ट दाबाची. बसलेल्या माणसाची पावलं पृष्ठभागाखाली साधारण ६० सेंटिमीटर खोल असतात असं धरा. तिथे पाणी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६० ग्रॅम इतक्या भाराने दाबतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पातळ वेडर त्याने पायाला चिकटून बसतो. ऊब देते ती कपड्यातली अडकलेली हवा. थंडीत जाड रजईपेक्षा फुललेली रजई उबदार वाटते ती म्हणूनच. दाबाने ती हवा पिळून वर गेली की कापड कितीही भारी असो, गारठा लागतो.

## निओप्रीन की श्वास घेणारं कापड?

हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या तळ्यापुरते बरोबर आहेत.

निओप्रीनचे वेडर साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाड असतात. त्यांतले बुडबुडे बंद असल्याने एवढ्याशा दाबाने ती हवा कुठे जात नाही. म्हणजे ऊब कापडातच आहे. तोटे असे की ते जड आहेत, घालताना दमछाक होते, काठावर पाच मिनिटं चाललात की आत घामाच्या धारा लागतात, आणि जाड निओप्रीन गुडघ्याशी वाकायला विरोध करतं. लाथ गुडघ्यातून मारायची आहे, हे विसरू नका. प्रत्येक लाथेला थोडी जास्त ताकद, आणि दिवसभरात लाथा हजारो.

दुसरा पर्याय श्वास घेणाऱ्या कापडाचा. इथे श्वास घेणं म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणं आणि पाणी आत न घेणं. कापडाच्या थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. वाफेचे कण त्यातून पार होतात, पाण्याचा थेंब होत नाही. वाफ बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असल्यावर, गर्दीच्या खोलीतून माणसं रिकाम्या खोलीकडे सरकावीत तशी.

हुशार वाचक इथे विचारेल, बाहेर जर पाणीच असेल तर वाफ जाणार कुठे? प्रश्न अचूक आहे. पाण्याखालच्या भागात हा गुण पुष्कळसा लुळा पडतो. गार कापडाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात. मग जास्त पैसे का मोजायचे? तीन कारणं आहेत. पाण्यावरचा भाग, म्हणजे पोट, छाती, पाठ, श्वास घेतच राहतो. काठापर्यंतच्या चालीत घाम कमी साठतो. आणि कापड पातळ असल्याने गुडघा मोकळा राहतो. हे तिसरं कारण जाहिरातीत कधी दिसत नाही, पण फ्लोट ट्यूबवाल्यासाठी तेच पहिलं.

माझा कौल असा: पाणी बर्फाच्या जवळपास असतानाच मासे धरत असाल तर निओप्रीन. बाकी वर्षभरासाठी श्वास घेणारं कापड आणि आत हवामानाप्रमाणे कपडे. एकच घ्यायचा असेल तर दुसराच, कारण पातळ वेडरच्या आत ऊब वाढवता येते, जाड निओप्रीनमधून ती काढून टाकता येत नाही.

लेबलवर डेनियर नावाचा आकडा असतो. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. त्यावर फार अडून बसू नका. नदीवाल्याचे गुडघे आणि नडगी दगडांना घासतात, म्हणून त्याच्या वेडरला तिथे जादा थर देतात. तुमचा वेडर झिजतो तो बुडाशी आणि मांडीच्या मागे, बैठकीवर घासून. शिवण नेमकी तिथे आहे का ते उलटून बघा. दोन मांड्यांच्या मध्ये चार शिवणी एका बिंदूला मिळत असतील तर ती पहिली उसवणारी जागा समजा.

## आत काय घालायचं

सुती कपडे नकोत. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि मग अंगाला ओला फडका गुंडाळल्यासारखं होतं. अंगालगत घाम ओढून घेणारा पातळ कृत्रिम कापडाचा किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीसची, म्हणजे मऊ, लव असलेल्या कृत्रिम कापडाची विजार, पायात लोकरीचे मोजे. दाबाची गोष्ट आठवत असेल तर फुगीर पिसांची किंवा कापसाची विजार का चालत नाही हे सांगायला नको. फ्लीस आणि लोकर दाबली तरी थोडी हवा धरून ठेवतात. शिवण गुडघ्यामागे येणार नाही असं पाहा. हजार लाथांनंतर ती चाकूसारखी लागते.

## वेडरमध्ये पाणी शिरलं की माणूस बुडतो?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विशेषतः घरच्यांच्या. उत्तर आहे, समजूत चुकीची, भीती मात्र बरोबर.

बादली विहिरीत सोडा. पाण्यात बुडालेली भरलेली बादली हाताला जवळजवळ हलकी लागते. ती जड होते पृष्ठभागाच्या वर येताना. वेडरमधलं पाणीही असंच. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची घनता सारखीच, त्यामुळे ते तुम्हाला तळाशी ओढत नाही. पायात अडकलेल्या हवेने माणूस उलटा होऊन डोकं खाली जातं, ही दुसरी दंतकथा. अमेरिकेतले नामवंत मासेमार ली वुल्फ यांनी या समजुती खोट्या ठरवण्यासाठी वेडर घालून पुलावरून नदीत उडी मारली होती.

मग धोका कशात आहे? भरलेल्या वेडरनिशी पोहणं फार कष्टाचं होतं आणि काठावर चढताना ते सगळं पाणी खरोखरच जड होतं. त्याहून मोठा धोका गारठ्याचा. अचानक थंड पाणी अंगावर आलं की माणूस नकळत धापा टाकतो, आणि त्या धापेत पाणी घशात जाऊ शकतं. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अतिथंड पाण्यासाठी एक-दहा-एक असा सोपा हिशेब मांडलाय: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, आणि गारठ्याने शुद्ध हरपायच्या आधी साधारण १ तास. हे १ तासाचं गणित तोंड पाण्यावर राहिलं तरच, म्हणजे अंगात लाइफ जॅकेट असेल तरच.

म्हणून लाइफ जॅकेट घालायचंच, ट्यूब कितीही भरवशाची असो. कमरेचा पट्टा वेडरच्या वरून घट्ट आवळायचा. त्याने पाणी आत शिरण्याचा वेग कमी होतो आणि आतली थोडी हवा टिकते. खांद्याची बकलं एका हाताने सुटतात का, ते घरी डोळे मिटून करून बघा. ट्यूबला हवेचे निदान दोन स्वतंत्र कप्पे असावेत. आणि वाहत्या नदीत फ्लोट ट्यूब नको. तिथे प्रवाहापुढे फिनचं काही चालत नाही आणि लोंबणारे पाय कशात अडकतील सांगता येत नाही.

## एक अवघड पण अटळ विषय

थंड पाण्यात पाय सोडून बसलं की लघवी लवकर लागते. चहा कमी प्यायल्याने हे टळत नाही. पाण्याच्या दाबाने आणि गारठ्याने पायातलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकायला लागतात. तळ्याच्या मधोमध, खांद्यावर पट्टे, कमरेला पट्टा, वर लाइफ जॅकेट. पुढची चेन असलेला वेडर चैनीचा वाटतो तो पहिल्या थंड सकाळपर्यंतच. महिलांसाठी मागून किंवा बाजूने उघडणारे वेडर मिळतात; पट्टे न काढता काम होतं. चेन जलरोधक असते, तिला वेळोवेळी वंगण द्यावं लागतं. पैसे कमी असतील तर मात्र चेनपेक्षा चांगल्या फिनवर आधी खर्च करा आणि काठ जवळ ठेवा.

## दुकानात उभं राहून बघू नका

वेडर घालून आरशासमोर उभे राहिलात तर सगळेच वेडर चांगले दिसतात. तुम्हाला तो बसून वापरायचाय. आतले सगळे कपडे बरोबर न्या. वेडर चढवा, बूट घाला, फिन लावा, खुर्चीवर बसा आणि पन्नास लाथा मारा. लोक बघतील, बघू द्या. गुडघ्यावर कापड ताणलं तर मांडीत किंवा पायाच्या लांबीत माप कमी आहे. पोटरीत घोळ साठत असेल तर जास्त आहे. तो घोळ पाण्यात ओढ निर्माण करतो. मग एक गुडघा छातीपर्यंत उचला. दोन मांड्यांच्या मधल्या शिवणीला ताण आला तर दुसरा वेडर मागा.

## पाय ओला लागला म्हणजे वेडर फुटलाच असं नाही

पहिल्या मोहिमेनंतर बरेच जण वेडर परत करायला धावतात. आधी हे बघा: मोजा सगळीकडे सारखा दमट आहे की एकाच जागी चिंब? सगळीकडे दमट असेल तर तो बहुधा तुमचाच घाम. निओप्रीनचा मोजा श्वास घेत नाही, अगदी श्वास घेणाऱ्या कापडाच्या वेडरलाही खाली तोच असतो. एकाच जागी चिंब असेल तर भोक शोधायला लागा.

श्वास घेणाऱ्या कापडाचा वेडर उलटा करून आतून रबिंग अल्कोहोल (औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट) फवारलं की बारीक भोकाच्या जागी गडद ठिपका उमटतो. निओप्रीनला हे लागू पडत नाही. त्यात हवा भरून, तोंड पिळून, वरून साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे शोधायचे, सायकलचं पंक्चर काढतात तसं. भोक सापडलं की कापड पूर्ण वाळवून युरेथेनचा गोंद लावायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं.

घरी आल्यावर वेडर, बूट, फिन आणि ट्यूबची खालची बाजू, सगळ्यावरचा चिखल आणि पाणवनस्पतीचे तुकडे काढून टाका. फेल्ट नसला तरी बुटाच्या शिवणीत आणि फिनच्या खोबणीत एका तळ्याचं पाणी दुसऱ्या तळ्यात जातंच. वेडर आधी बाहेरून वाळवा, मग उलटा करून आतून, सावलीत टांगून. मोज्याची टोकं सगळ्यात शेवटी वाळतात. वेडर घडी घालण्याआधी हात आत घालून ती चाचपून बघा.